इंग्लंडच्या रस्त्यासाठी डिचोलीत घेतलेली शिकवणी

माझ्या भाचीने यंदा जानेवारीत गोव्यातल्या डिचोलीत एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वीस दिवस शिकवणी घेतली. ती कशी होती ते लिहितो. स्कूलचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिणार आहे आणि मालक माझ्या रोजच्या ओळखीतले आहेत. तरी ज्यांची मुलं परदेशी निघालेली आहेत त्यांना, शिकवणारा कसा पारखावा, हे यातून कळेल असं वाटतं.

मी कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेत, 29 वर्षं बस चालवली. आधी डिचोली-पणजी, मग साखळी-वाळपई, आणि शेवटची अकरा वर्षं चोर्ला घाटातून बेळगाव. माझ्या हातून कधी माणूस दगावला नाही, याचा मला अभिमान आहे. त्यामुळे गाडी शिकवणाऱ्याकडे मी जरा कडक नजरेनेच बघतो. रोज सकाळी पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या वळणावर कुणाचा तरी पोर गेलेला असतो, आणि त्याला लायसन्स मिळालेलं असतं.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. जन्म न्यू जर्सीतला, पासपोर्ट अमेरिकेचा. मराठी आईमुळे चांगली येते, आजीशी कोकणी बोलते. सतराव्या वर्षापासून गाडी चालवते, पण ऑटोमॅटिक आणि रस्त्याच्या उजव्या अंगाने. गेल्या जूनमध्ये कंपनीने तिला दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवलं. गाव कुठलं, तर स्विंडन! आम्हा गोंयकारांना हे नाव नवं नाही. पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेलेल्यांची तिथे एवढी वस्ती झाली आहे की बार्देश तालुक्यातल्या कितीतरी घरांची चूल स्विंडनच्या पगारावर पेटते. पहिल्याच आठवड्यात ती बसस्टॉपवर उभी असताना मागून एक बाई फोनवर म्हणाली, "आगे, पावस पडटा गो!" अमेरिकेत वाढलेली पोर इंग्लंडच्या पावसात कोकणी ऐकून रडकुंडीला आली, असं तिने त्याच रात्री मला फोनवर सांगितलं. त्या बाईंनी तिला गोंयकाराचं दुकान दाखवलं. तिथे रेशाद मसाला मिळतो आणि कोकमंही मिळतात.

आता अडचण सांगतो. अमेरिकेचं लायसन्स घेऊन तिथे राहायला गेलेल्या माणसाला बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर ते लायसन्स तिथे चालत नाही. काही देशांची लायसन्सं बदलून मिळतात, अमेरिकेचं मिळत नाही. आपलं भारताचंही मिळत नाही. मग पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करावी लागते. त्याचे ऑनलाइन 34 पौंड. लेखी परीक्षेचे 23 पौंड: 50 प्रश्न, त्यांतले 43 बरोबर यायला हवेत. शिवाय रस्त्यावरच्या 14 चित्रफिती दाखवतात, त्यांत धोका दिसला रे दिसला की बटण दाबायचं, त्यात 75 पैकी 44 गुण हवेत. मग प्रत्यक्ष गाडीची परीक्षा, कामाच्या दिवशी 62 पौंड, आणि तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागतात. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्सही ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं. तिच्या ऑफिसच्या दोन्ही गाड्या गिअरच्या.

गाडीवाचून ती कशी राहते तेही सांगायला हवं. न्यू जर्सीत पंधरा दिवसांचं सामान एकदम डिकीत भरून आणायची सवय. स्विंडनच्या भाड्याच्या घरात फ्रिज एवढा लहान की स्वयंपाकाच्या ओट्याखाली बसतो, शेजारी त्याच ओट्याखाली कपडे धुण्याचं मशीन. म्हणजे दर दोन दिवसांनी बाजार आणि दोन पिशव्या घेऊन बस. एका खेपेचं तिकीट जास्तीत जास्त तीन पौंड. बस आपणहून थांबत नाही, हात दाखवावा लागतो, अगदी आपल्यासारखा. आणि उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. शाळेतली पोरं म्हणतात, काठी टेकत उतरणारी म्हातारी म्हणते. हे ऐकल्यावर मी तिला दोनदा विचारलं, खरंच सगळे? 29 वर्षांत मला असं म्हणणारी माणसं मी नावानिशी सांगू शकतो. यंदा ती इथे आली तेव्हा डिचोलीला कदंबातून उतरताना ड्रायव्हरकडे वळून "देव बरें करूं" म्हणाली. तो पोरगा माझ्या वेळी नवा लागलेला. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं, आणि तो काय म्हणत होता ते मला कळलं.

जानेवारीत पाच आठवडे ती आमच्याकडे राहिली. पहिले दोन दिवस मीच शिकवायला बसलो. दुसऱ्या दिवशी एका सर्कलपाशी तिने गाडी थांबवली. मी म्हटलं, "घाल पुढे, थांबलीस कशाला?" ती म्हणाली, "मामा, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं ना?" नियम तोच आहे. इंग्लंडात तोच आणि आपल्याकडे कागदावर तोच. पण मी इतकी वर्षं बस घेऊन सर्कलमध्ये शिरत आलो आणि लोक थांबत आले. मोठ्या गाडीला वाट मिळते, यालाच मी नियम समजून बसलो होतो. त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. मी गाडी चांगली चालवतो, पण हिला जे शिकायचं आहे ते माझ्याकडे नाही, हे मान्य करून मी सकाळी स्कूल शोधायला निघालो. शिवाय माझ्या गाडीला शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक नाही. नवशिक्याला अशा गाडीत बसवणं चूकच.

पहिल्या ठिकाणी कागदपत्रांचं नावच नाही. "उद्यापासून पाठवा, आम्ही बघून घेतो." मी तिथूनच परतलो. दुसरीकडे, म्हणजे ज्या स्कूलबद्दल लिहितोय तिथे, मास्तरांनी आधी अमेरिकेचं लायसन्स मागितलं आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना आहे का विचारलं. तो तिने अमेरिकेतून निघतानाच काढून ठेवला होता, वर्षभर चालतो. दोन्हींच्या झेरॉक्स घेतल्या, तारखा वाचल्या. मग मास्तरांनी जो प्रश्न विचारला त्यासाठीच हा सगळा मजकूर लिहायला बसलो आहे.

"गाडी खंय चलयतली?" कुठे चालवणार?

मी म्हटलं, स्विंडनला. त्यांनी खण उघडून एक पुस्तिका काढली. कोपरे दुमडलेली, मुखपृष्ठ सेलोटेपने चिकटवलेलं. ब्रिटनची हायवे कोड, म्हणजे रहदारीच्या नियमांची पुस्तिका. 1931 पासून तिथलं सरकार ती काढत आलं आहे. तिकडे गेलेला एक विद्यार्थी सुट्टीवर आला होता तेव्हा देऊन गेला. तिकडे जाणारे बार्देशातले आठ-दहा जण तरी त्यांच्या हाताखालून गेले आहेत. आपलं लायसन्स घेऊन गेलेल्यांचीही बारा महिन्यांनी हीच गत होते, त्यामुळे अमेरिकन भाचीची अडचण त्यांना समजावून सांगावी लागली नाही. म्हणाले, "मग हिला इथल्या सवयी लावायच्या नाहीत. इथे जपून चालवायला शिकवीन, पण सवय तिथली लावीन."

वीस दिवस, रोज चाळीस मिनिटं, साडेसात हजार रुपये. लांबच्या तीन फेऱ्यांचे प्रत्येकी बाराशे वेगळे. सकाळी पावणेसातची बॅच आम्हीच मागून घेतली. त्या वेळी रस्त्यावर पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल आणि दूधवाले, एवढेच असतात. मी मागच्या सीटवर बसायचो. मास्तरांची एकच अट होती, मी तोंड उघडायचं नाही.

पहिले पाच दिवस नुसता क्लच. ज्याने जन्मात डाव्या पायाने काही केलं नाही त्याला हाफ क्लच समजणं किती अवघड असतं, हे आपण विसरून गेलेले असतो. मास्तरांनी तिला ॲक्सिलरेटरला पाय लावूच दिला नाही. सपाट मैदानावर क्लच एवढा हळू सोडायचा की गाडी आपसूक सरकू लागली पाहिजे. "सावकास, बाय, सावकास. पाय उचलू नकोस, पायाला उठू दे." दोन दिवसांत चाळीसेक वेळा गाडी बंद पडली असेल. मास्तरांचा आवाज एकदाही चढला नाही. मी मागे बसून हे मनात नोंदवत होतो, कारण मला शिकवणाऱ्याने माझ्या बोटांवर पान्याची मूठ मारली होती.

दुसरी गोष्ट बाजूची. डावीकडे बसून चालवायची सवय असलेला माणूस उजवीकडे बसला की गाडी नकळत डाव्या कडेला नेतो. कारण रस्त्यात आपण बसायचो ती जागा अंगात भिनलेली असते, आणि आता गाडीचं धड त्या जागेच्या डावीकडे उरतं. तिसऱ्या दिवशी डावं चाक गटाराच्या कडेवर चढलं. मास्तरांनी गाडी थांबवली, तिला खाली उतरवलं आणि चाकापासून गटारापर्यंतचं अंतर वितीने मोजायला लावलं. मग सीटवर बसवून विचारलं, बॉनेटचा कुठला भाग रस्त्याच्या कडेवर दिसतो? तिने एक जागा सांगितली. तिथे त्यांनी हळदीकुंकवाच्या डबीतल्यासारखी लाल टिकली चिकटवली. दहा दिवसांनी काढली. त्यानंतर चाक पुन्हा कधी कडेला गेलं नाही.

इंडिकेटरचा दांडा मात्र घोळाचा. अमेरिकेत तो स्टिअरिंगच्या डाव्या हाताला. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत उजव्या हाताला. त्यामुळे डिचोलीत प्रत्येक वळणाला तिचा वायपर फिरायचा. आणि इंग्लंडात गाडी आपल्यासारखी उजव्या सीटवर बसून चालवायची, पण दांडा पुन्हा डावीकडेच. म्हणजे हा एक धडा इथे शिकायचा आणि विमानात बसताना विसरायचा. मास्तरांना हे आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी तिला सांगितलं, "हात जाऊ दे जिथे जायचा तिथे, तोंडाने डावा-उजवा म्हण." वळण्याआधी मोठ्याने दिशा म्हणायची. परीक्षेच्या दिवशी हात चुकला तरी डोकं चुकणार नाही.

लांबची पहिली फेरी पणजीची, सर्कलांसाठी. इथे मला थोडं विस्ताराने लिहू द्या, कारण अमेरिकेतून इंग्लंडला गेलेल्याची खरी भीती हीच आहे. तिच्याकडे चौकाला सिग्नल किंवा चारी बाजूंना थांबा असा फलक. सर्कलं कमी, आणि जी आहेत ती उलट्या अंगाने फिरतात. इंग्लंडात जिथे तिथे सर्कल, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. आणि स्विंडनमध्ये तर 1972 साली बांधलेलं एक सर्कल आहे ज्याला जादूचं सर्कल म्हणतात. मधे एक मोठं, त्याच्या भोवती पाच लहान. लहान पाच घड्याळाच्या दिशेने फिरतात, आणि त्यांच्या आतल्या अंगाने मधल्याभोवती जाणाऱ्या गाड्या उलट दिशेने. ऑफिसातल्या माणसाच्या गाडीत बसून ती त्यातून रोज जाते आणि रोज डोळे मिटते. तिने मास्तरांना फोनवर वरून काढलेलं चित्र दाखवलं. पाटोच्या आमच्या बसस्थानकाबाहेर गाडी कडेला लावून ते बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. मग पावतीच्या मागच्या बाजूला पाच वर्तुळं काढली आणि म्हणाले, "हे मोठं सर्कल नव्हेच. ही पाच लहान सर्कलं आहेत. ज्याच्या तोंडाशी आहेस तेवढंच बघ. उजवीकडून कोण येत नाही ना? शीर. पुढच्याच्या तोंडाशी थांब. परत उजवीकडे बघ." ती पावती तिने पाकिटात घालून नेली आहे.

त्या सकाळी बसस्थानकाच्या सर्कलला तिला चौदा फेऱ्या मारायला लावल्या. आत शिरताना उजवीकडे नजर, आणि आपल्या आधीचा रस्ता मागे पडला की डावा इंडिकेटर. आपल्याकडे बाहेर पडताना इंडिकेटर कोण देतो? पण नवव्या-दहाव्या फेरीला माझ्या लक्षात आलं की तिने इंडिकेटर दिला की शिरायला थांबलेला टॅक्सीवाला बिनधोक आत येतो. कुणी कुणाचा अंदाज घेत बसत नाही.

हॉर्नवर त्यांनी बंदीच घातली होती. चोर्ला घाटात वळणावर हॉर्न वाजवला नाही तर जीव जाईल, हे मी तिला लहानपणापासून सांगत आलो. इंग्लंडात वस्तीत रात्री साडेअकरापासून सकाळी सातपर्यंत हॉर्न वाजवायला कायद्यानेच मनाई आहे, आणि उभ्या गाडीतून, धोका नसताना, कधीच नाही. डिपरचंही तसंच. आपण लाइट मारतो तेव्हा म्हणतो, मी येतोय, तू थांब. तिथले लोक लाइट मारून म्हणतात, तू आधी जा. पुस्तकात दोन्ही अर्थ नाहीत, तिथे एवढंच लिहिलं आहे की लाइट म्हणजे मी इथे आहे. मास्तरांनी ते पान उघडून तिला मोठ्याने वाचायला लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीही ऐका." मी ऐकलं. एकाच लाइटचे दोन देशांत उलट अर्थ होतात आणि त्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे, हे कुणीतरी आपल्या मुलांना निघण्याआधी सांगायला हवं.

तिसरी फेरी मला सगळ्यांत आवडली. डिचोलीहून मये, मयेहून पूल ओलांडून चोडण, आणि चोडणहून फेरीबोटीने रायबंदर. मास्तरांनी हा रस्ता का निवडला ते चोडणला पोचल्यावर कळलं. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, कडेने जाणारा एका गाडीचा रस्ता, समोरून टेंपो आला तर कुणीतरी मागे गेलंच पाहिजे. इंग्लंडच्या खेड्यांत असेच रस्ते आहेत. दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीचं कुंपणाचं झुडूप, आणि थोड्या थोड्या अंतरावर बाजूला व्हायला जागा. ज्याला ती जागा जवळ त्याने मागे जायचं. तिच्या ऑफिसची एक जागा अशाच खेड्यात आहे, म्हणून हे शिकणं गरजेचं होतं. समोर पावांची रिक्षा आली. भाची आरशांत बघत तीसेक मीटर सरळ मागे गेली. रिक्षावाल्याने हात वर केला. तिनेही केला.

आणि मग फेरीबोटीचा धक्का. उतारावर रांग, पुढची गाडी हातभर अंतरावर, मागे बुलेट उभी. फेरी लागली की थांबून थांबून पुढे सरकायचं. हँडब्रेक, हाफ क्लच, इंजिनचा आवाज बदलला की हँडब्रेक सोडायचा. मागे एक इंचही यायचं नाही. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. फेरीच्या लोखंडी फळीवर चाकं चढली तेव्हा मास्तरांनी दोन्ही पाय स्वतःच्या पेडलांवरून उचलून गुडघ्यावर हात ठेवले, तिला दिसेल असे. पाण्याच्या मध्यावर मी तिला सांगितलं की 1986 च्या जुलैत मांडवीवरचा जुना पूल कोसळला तेव्हा आम्ही भर पावसात फेरीच्या रांगांत तास तास उभे होतो. ती म्हणाली, "मामा, तेव्हा कोण मागे यायचं नाही का?" यायचे. मी बघितलं आहे.

गाडी चालू नसतानाच्या गप्पांतही शिकवणी चालायची. आपण बॉनेट, इंडिकेटर म्हणतो तेच शब्द इंग्लंडात आहेत. तिचे अमेरिकेचे शब्द निराळे. डिकीला मात्र तिथे वेगळं नाव आहे. स्टेपनीची गोष्ट मास्तरांनी सांगितली ती मलाही नवी होती. वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. 1904 साली तिथे जादा चाकाचा धंदा निघाला आणि त्या चाकाला रस्त्याचं नाव पडलं. आपण अजून स्टेपनी म्हणतो, तिथली माणसं म्हणत नाहीत. आणि पेट्रोल पंपाचं त्यांनी तिला कागदावर लिहून दिलं. अमेरिकेत हिरवी नळी बहुधा डिझेलची. इंग्लंडात हिरवी पेट्रोलची, काळी डिझेलची. तिथे आपल्यासारखा भरून देणारा पोरगा नसतो, स्वतः भरायचं. म्हणजे चूकही स्वतःचीच.

तिने त्यांना विचारलं, पोर्तुगाल तर उजवीकडून चालवतं, मग गोवा डावीकडून कसा? मला उत्तर येत नव्हतं, मास्तरांना आलं. पोर्तुगाल 1928 मध्ये उजवीकडे गेलं, पण गोव्याच्या सीमेपलीकडे सगळीकडे डावीकडूनच रहदारी होती, म्हणून इथला रस्ता बदलला नाही. एवढ्याशा गोष्टीमुळे आज बार्देशातला पोर लिस्बनला गेला तर बावरतो आणि स्विंडनला गेला तर नाही.

आता तक्रारी.

मागच्या सीटचे बेल्ट सीटखाली दडपलेले होते. मी पहिल्या दिवशी सांगितलं, सहाव्या दिवशी निघाले. आपल्याकडेही मागे बेल्ट लावणं सक्तीचं आहे, आणि जिथे गाडी चालवायला शिकवतात तिथेच तो नसावा हे मला सहन झालं नाही. मास्तर दोन दिवस एका लग्नाला गेले तेव्हा बदली आलेला तरुण शिकवता शिकवता फोनवर बोलत होता. भाचीने गाडी कडेला घेऊन थांबवली आणि म्हणाली, "तुमचं झालं की निघू." मला तिचा फार अभिमान वाटला. मालकांना सांगितल्यावर त्यांनी त्या दोन दिवसांचे तास बदलून दिले, पण त्या पोराला काही म्हटलं का ते कळलं नाही. गाडीचा क्लच झिजलेला आहे, फार वर धरतो. नव्या गाडीवर बसल्यावर तिला पुन्हा अंदाज घ्यावा लागला. आणि पार्किंग शिकवण्याची पद्धत जुनीच. मैदानात चार काठ्या उभ्या करून, अमुक काठी आरशात दिसली की पूर्ण स्टिअरिंग फिरव. काठ्या काढल्या की माणूस अडतो. तिथल्या परीक्षेत रस्त्याकडेला उभ्या गाडीच्या मागे, पांढऱ्या रेघांच्या चौकटीत, नाहीतर रस्त्याच्या उजव्या कडेला गाडी लावून दाखवावी लागते. हे आम्ही शेवटचे चार दिवस संध्याकाळी माझ्या गाडीने केलं, बाजार उठल्यावर, पालिकेच्या मोकळ्या जागेत. तिथे मी उपयोगी पडलो. बारा मीटरची बस मागे घ्यायला शिकलेल्या माणसाला एवढं येतं.

ज्यांना पणजी किंवा म्हापसा जवळ आहे त्यांनी एवढ्या लांब डिचोलीला यावं का? नुसतं लायसन्स हवं असेल तर गरज नाही. स्विंडन, लंडन, कुठेही तिकडे जाणारं कुणी घरात असेल तर जरूर यावं. सकाळची बॅच मागावी, मास्तर स्वतः येणार का ते आधीच पक्कं करून घ्यावं, आणि लांबच्या फेऱ्या सोडू नयेत. साडेसात हजारांत जेवढं मिळालं त्याहून जास्त त्या छत्तीसशे रुपयांत मिळालं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती परत गेली. लेखी परीक्षा पास झाली, 50 पैकी 48. गाडीच्या परीक्षेची तारीख मे महिन्यातली मिळाली आहे, म्हणजे तिचे बारा महिने भरायच्या आधी. तोवर तिथल्या एका शिक्षकाकडे आठवड्याला एक तास जाते. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, सर्कलला बरोबर थांबायला कुठे शिकलीस? तिने सांगितलं, गोव्यात. ते म्हणाले, माझे दोन विद्यार्थी तिथलेच आहेत.

परवा मास्तर बाजारात भेटले. तारीख विचारून त्यांनी ती हाताच्या पंज्यावर पेनने लिहून घेतली. म्हणाले, तिथे सकाळचे दहा म्हणजे इथे दुपारचे अडीच, त्या दिवशी अडीचची बॅच ठेवत नाही.